वाचकांचे प्रश्न : शिक्षा संपली, पुढे काय?

कारागृहातून सुटून आलेल्या माणसांना गावात आणि घरात पुन्हा कसे सामावून घ्यावे, याविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावे आणि गावे अर्थातच दिलेली नाहीत. उत्तरे देणारे लेखक परिविक्षा अधिकारी, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्यांवर देखरेख ठेवणारे अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), म्हणून निवृत्त झाले असून अशा कुटुंबांशी त्यांचा आजही संबंध आहे.

प्रश्न : माझा मुलगा जबरी चोरीच्या गुन्ह्यात नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात चार वर्षे होता. दिवाळीनंतर सुटून घरी आला. त्याचे वडील हयात नाहीत. तो दुपारपर्यंत झोपतो, घरात कोणाशी धड बोलत नाही आणि संध्याकाळी जुने मित्र मोटारसायकलवर आले की त्यांच्याबरोबर निघून जातो. मी पुष्कळ समजावले, शपथा घातल्या. तो सुधारला की नाही हेच कळत नाही. गावच्या बाजारात कोणाचा मोबाइल गेला तरी पोलीस आमच्या दारात येतात. धाकट्या मुलीचे जमत आलेले लग्न त्याच्यामुळे मोडले, असे नातेवाईक बोलतात. मी काय करावे?
— एक आई, यावल तालुका

उत्तर : ताई, तो सुधारला की नाही, हा प्रश्न काही महिने बाजूला ठेवा. त्याचे उत्तर आज तुमच्याजवळ नाही आणि त्याच्याजवळही नाही. आज ठरवायचे आहे ते एवढेच, की उद्या सकाळी सहा वाजता त्याने उठून कुठे जायचे.

कारागृहात उठण्याची वेळ, मोजणी, चहा, काम, जेवण आणि बराकीत बंद होण्याची वेळ दुसऱ्यांनी ठरवलेली असते. चार वर्षे स्वतःच्या दिवसाविषयी एकही निर्णय न घेतलेला माणूस घरी येतो, तेव्हा अख्खा दिवस त्याच्या अंगावर येतो. अनेकांना सुरुवातीला रात्री झोप लागत नाही, म्हणून ते दिवसा झोपतात, आणि घरच्यांना तो आळस वाटतो. अशा रिकाम्या दिवसात ज्यांनी त्याला बोलावले, बसायला जागा दिली आणि मागचे काही विचारले नाही, ते हेच मित्र होते. त्यांना शिव्या देऊन ही जागा भरून निघणार नाही. ती कामानेच भरेल.

तुमचा भाग केळीचा आहे, हे तुमच्या बाजूने आहे. केळी कापणाऱ्या टोळीपेक्षा पॅकिंग हाऊसमधले काम मी पहिल्यांदा सुचवीन. टोळी आज या शेतात तर उद्या त्या शेतात असते, आणि हंगामाआधी मोठी उचल घेतली की माणूस त्या उचलीला बांधला जातो. पॅकिंग हाऊसमध्ये जागा ठरलेली असते. घडापासून फण्या वेगळ्या करायच्या, तुरटीच्या पाण्याच्या हौदात त्यांचा चीक धुवायचा, डागी माल बाजूला काढायचा, वजन करून खोक्यांत भरायचा, अशी कामे चार माणसांच्या नजरेसमोर होतात. काम किती झाले ते संध्याकाळी खोक्यांवरून सर्वांना दिसते, त्यामुळे त्याला स्वतःची बाजू मांडत बसावे लागत नाही. पहिल्या दिवशी मालकाकडे तुम्ही एकट्या जाऊ नका. मुलाच्या मामाला बरोबर न्या. आपल्याकडे मामाने घेतलेल्या जबाबदारीला वजन असते. मुलाची माहिती मालकाला मामानेच आधी द्यावी, म्हणजे ती चहाच्या टपरीवरून त्याच्या कानावर जाणार नाही.

मित्रांविषयी एक गोष्ट शांतपणे विचारून घ्या. त्याच्या जामिनाचे किंवा वकिलाचे पैसे त्यांच्यापैकी कोणी भरले होते का? पुष्कळ घरांना हे ठाऊकच नसते. तसे देणे असेल, तर तो त्यांच्यामागे केवळ हौसेने जात नाही, त्याला जावे लागते. ते देणे तुमच्या किंवा मामाच्या समक्ष, चार माणसांसमोर, हप्ते ठरवून फेडायला घ्या. घरची भाकरी थोडी कमी झाली तरी चालेल, पण हा हप्ता चुकवू नका. संगत सुटावी म्हणून मी ज्या घरांत प्रयत्न केले, तेथे उपदेशापेक्षा हा हिशेब मिटवण्याचा उपयोग कितीतरी अधिक झाला.

दुसरे काम कागदांचे. सुटकेचा दाखला जपून ठेवा आणि त्याच्या दोन-चार प्रती काढा. मुलाचे नाव शिधापत्रिकेतून कमी झाले आहे का, त्याची ई-केवायसी राहिली आहे का, हे तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत पाहा. बँक खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार झाला नसेल तर ते निष्क्रिय झालेले असते. नव्याने ओळखीची कागदपत्रे देऊन ते सुरू करून घ्या, म्हणजे मजुरी खात्यावर जमा होऊ शकेल. वाहन चालवण्याच्या परवान्याची मुदत संपून एक वर्ष उलटले असेल, तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. ट्रॅक्टर किंवा मालवाहू गाडी चालवण्याचा त्याचा विचार असेल तर ही तयारी आताच करावी. महिला व बालविकास विभागाकडून सुटून आलेल्या बंद्यांना लहान व्यवसायासाठी सहायक अनुदान देण्याची योजना आहे. जळगावच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात जाऊन परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटा आणि अर्ज करा.

पोलीस दारात येतात, याचा त्रास मी समजू शकतो. ते आले म्हणून मुलाने पळून जाऊ नये, कारण पळाला की संशय पक्का होतो. त्याने पोलीस पाटील किंवा गावातील एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन ठाण्यात जावे आणि चौकशीसाठी लेखी नोटीस मागावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये अशा नोटिशीची तरतूद आहे. कामावरची हजेरी येथेही उपयोगी पडते, कारण चोरीच्या वेळी तो कुठे होता हे सांगणारी मालकाची वही तोंडी साक्षीपेक्षा मोठी असते. चांगल्या वर्तणुकीच्या हमीसाठी त्याच्यावर चॅप्टर केस केली गेली, तर तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जा. स्त्री म्हणून तुम्हाला तुमच्या प्रकरणात, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. मुलाची पात्रता समिती तपासून सांगेल. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते.

मुलीच्या लग्नाचे बोलणे त्याच्यासमोर रोज काढू नका. पुढच्या स्थळाला मात्र ही गोष्ट आधीच सांगा. जे घर ऐकूनही हो म्हणेल, तेच तुमच्या मुलीसाठी योग्य.

प्रश्न : माझी धरणगाव भागात लहानशी जिनिंग आहे. मोटारसायकल चोरीत शिक्षा भोगून आलेल्या आमच्याच गावच्या एका तरुणाला कामावर घ्यावे, म्हणून त्याचे वडील रोज येऊन बसतात. "आते तरी त्याले काम द्या," एवढेच म्हणतात. मला वाईट वाटते, पण भीतीही वाटते. इतर मजूर कुरकुर करतील. काय करावे?
— एक जिनिंगमालक

उत्तर : भाऊ, भीती वाटते हे तुम्ही मोकळेपणाने लिहिले, हे चांगले केले. दयेपोटी दिलेले काम पहिल्या कुरबुरीत सुटते, म्हणून हा व्यवहार म्हणूनच ठरवा. त्याने काय केले होते आणि तुमच्या कारखान्यात तशी संधी कुठे आहे, हे आधी पाहा. ज्याने मोटारसायकल चोरली, त्याला वाहनतळाच्या फाटकावर किंवा गल्ल्यावर लगेच बसवणे हे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे. कापूस ओढण्याच्या, सरकी भरण्याच्या किंवा गठाणी रचण्याच्या कामावर त्याला घ्या. मजुरी इतरांइतकीच द्या. तो अडचणीत आहे म्हणून कमी देणारे मालक मी पाहिले आहेत, आणि तीच माणसे पुढे "मी संधी दिली होती" असे सांगतात. मजुरीची तारीख मात्र चुकवू नका, कारण ज्याला उधार देणारे कोणी नाही त्याला आठ दिवसांचा उशीरही पुन्हा जुन्या वाटेवर नेऊ शकतो.

मुकादमाला माहिती द्या. सर्व मजुरांना बोलावून जाहीर करण्याची गरज नाही, आणि गावात ती गोष्ट लपलेलीही नसणार. खरी कसोटी काहीतरी हरवेल त्या दिवशी लागेल. तेव्हा एकट्या त्याचा डबा उघडून पाहू नका. तपासायचे असेल तर फाटकावर सर्वांना एकाच रांगेत तपासा, मुकादमासह. हा नियम त्याला कामावर घेण्याआधीच लागू करा, म्हणजे तो त्याच्यासाठी केला असे कोणाला वाटणार नाही.

त्याला खुल्या कारागृहात ठेवले होते का, हेही विचारा. तेथे पाठवण्यापूर्वी कारागृह प्रशासन बंद्याची वर्तणूक पाहते आणि तेथे उंच भिंतीविना शेतीचे काम करवून घेते. असे एक कारागृह पैठणला आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे तर औंध संस्थानाने १९३९ साली अशी वसाहत सुरू केली, जिथे शिक्षा भोगणारे लोक कुटुंबासह राहून शेती करतात. अशा ठिकाणाहून आलेला माणूस विश्वासाची एक परीक्षा आधीच देऊन आलेला असतो. तुमच्याकडचा तरुण तसा नसेल, तरी हंगाम संपेपर्यंतची मुदत ठरवा आणि त्यानंतर वडिलांना नव्हे, त्याला समोर बसवून पुढचे बोला. वडील रोज येऊन बसतात हे आजपासून थांबवा. काम मुलाने मागायला हवे.

प्रश्न : गावातील भांडणात माझ्यावर गुन्हा दाखल झाला होता. मी सात महिने धुळे जिल्हा कारागृहात होतो, नंतर न्यायालयाने मला निर्दोष सोडले. आता सरकारी भरतीच्या साक्षांकन नमुन्यात "अटक झाली होती का" असे विचारले आहे. निर्दोष असल्यामुळे "नाही" लिहावे का?
— एक पदवीधर, साक्री तालुका

उत्तर : अजिबात लिहू नका. जे विचारले आहे त्याचे खरे उत्तर "होय" हे आहे. त्यापुढे गुन्हा क्रमांक, कलमे आणि निर्दोष सुटल्याच्या निकालाची तारीख लिहा, आणि निकालाची प्रमाणित प्रत जोडा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात या विषयाचे नियम सांगितले आहेत. माहिती खरी असली पाहिजे, ती लपवली तर नेमणूक रद्द होऊ शकते, आणि खरी माहिती दिल्यावरही प्रकरणाचे स्वरूप पाहून निर्णय घेण्याचा अधिकार नियोक्त्याला राहतो, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे खरे लिहिल्याने नोकरी मिळेलच असे नाही, पण खोटे लिहिल्यास मिळालेली नोकरीही हातातून जाते.

घटनेच्या वेळी तुमचे वय १८ वर्षांपेक्षा कमी होते का, हे तुम्ही कळवलेले नाही. तसे असेल आणि प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालले असेल, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार त्यामुळे अपात्रता येत नाही. ज्यांना १९५८ च्या परिविक्षा अधिनियमाखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले जाते, त्यांनाही कलम १२ अपात्रतेपासून संरक्षण देते, मात्र त्यामुळे दोषसिद्धीच पुसली जात नाही.

तुमच्यासारखी माणसे थोडी नाहीत. २०२२ अखेर देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकाल लागायचा होता असे. गावात "जेलमधून आला" हे एकच वाक्य शिक्षा झालेल्याला आणि निर्दोष ठरलेल्याला सारखेच लावले जाते, याची मला मनापासून चीड येते. निकालाची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक पोलीस पाटलांकडे स्वतः नेऊन द्या.

प्रश्न : आमच्या गावातील एक माणूस खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगून, मुदतपूर्व सुटका होऊन परत येत आहे. ज्याचा खून झाला त्याची पत्नी आणि मुले त्याच गल्लीत राहतात. ग्रामसभेत काही जण म्हणाले, की त्याला गावात पाऊल ठेवू देणार नाही, आणि त्याच्या भावांशी रोटी-व्यवहार करणाऱ्यालाही दंड करू. मी सरपंच आहे. मला दोन्ही घरांची काळजी वाटते.
— सरपंच, शहादा तालुका

उत्तर : सरपंचताई, प्रथम कायद्याची बाजू ग्रामसभेला स्पष्ट सांगा. एखाद्याला गावातून बाहेर ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही. तडीपारीचा आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ नुसार सक्षम अधिकारीच काढू शकतात, तोही त्या व्यक्तीची बाजू ऐकून, आणि जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. भावांशी व्यवहार तोडायला लावणे आणि दंड ठोठावणे तर थेट गुन्ह्यात मोडू शकते. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तुम्ही सभेच्या अध्यक्षस्थानी असताना असा ठराव लिहिला गेला, तर उत्तर तुम्हालाही द्यावे लागेल.

एवढे सांगून तुमचे काम संपत नाही, कारण कायदा सांगून त्या पत्नीचे दुःख कमी होत नाही. माझ्या मते तुम्ही सर्वांत आधी तिच्या घरी जावे, सुटून येणाऱ्याच्या घरी नंतर. तो कोणत्या दिवशी येणार आहे हे तिला बसस्टँडवर अचानक दिसून कळू नये, ते तुमच्याकडून आधी कळावे. तिला नुकसानभरपाई मिळाली होती का, ते विचारा. पीडितांच्या कुटुंबांसाठी नुकसानभरपाईची योजना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते, आणि खटला संपला की सगळे संपले असे समजून अनेक घरे अर्जच करत नाहीत. इतक्या वर्षांनी अर्ज घेता येईल का, हे प्राधिकरणाकडे लेखी विचारून घ्या. मुलांच्या शिक्षणाची किंवा घरकुलाची काही अडचण असेल तर ती ग्रामपंचायतीने आधी सोडवावी. तिला असे वाटता कामा नये, की गावाने मारणाऱ्याच्या पुनर्वसनासाठी सभा घेतली आणि तिच्यासाठी कधीच घेतली नाही. हा राग खरा आहे, आणि तो ऐकून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग त्या माणसाच्या भावांना बोलवा. सुटकेच्या आदेशात ज्या अटी घातल्या असतील त्या वाचून घ्या. संचित रजेवर (फर्लो) किंवा अभिवचन रजेवर (पॅरोल) तो पूर्वी गावात येऊन गेला असेल, तर तेव्हा काय घडले होते हे पोलीस पाटलांना माहीत असेल. शांतपणे येऊन वेळेत परत गेला असेल, तर ती गोष्ट सभेत सांगण्यासारखी आहे. निदान पहिले वर्षभर त्याने त्याच गल्लीत राहू नये, शेतातल्या घरात किंवा बहिणीच्या गावी राहावे, असे भावांनी आपणहून मान्य केले तर बरे. हे समजुतीने व्हावे, जबरदस्तीने नव्हे. वाट, पाणवठा आणि बाजाराचा दिवस या तीन ठिकाणी दोन्ही घरे रोज समोरासमोर येतील. कोण कोणत्या वाटेने आणि कोणत्या वेळी जाईल, इतके बारीक आधी बोलून घेतले तर अनेक भांडणे टळतात.

माफीची घाई मात्र कोणीही करू नका. सभेत दोघांना समोरासमोर उभे करून हात जोडायला लावणे, पेढे वाटणे, असले प्रकार मी पाहिले आहेत आणि त्यांनी विधवेवर दुसऱ्यांदा अन्याय झाला आहे. तिने कधीच माफ केले नाही तरी तो तिचा हक्क आहे. गावाला फक्त एवढेच हवे, की पुन्हा रक्त सांडू नये. मयताचे मुलगे आता वयात आले असतील, तर त्यांच्याशी वेगळे आणि एकापेक्षा अधिक वेळा बोला. सूडाची भीती तेथेच आहे, आणि एका खुनातून दुसरा खून होऊन दोन्ही घरची तरुण मुले आत गेलेली मी पाहिली आहेत.

तो मतदान करू शकेल का, असे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. कारागृहात असताना मतदान करता येत नाही. सुटल्यावर मतदार यादीत नाव असेल तर करता येते.

प्रश्न : माझी बहीण तीन वर्षांनी सुटून आली. सासरच्यांनी दार उघडले नाही आणि तिची दोन मुले त्यांच्याकडेच आहेत. भाऊ म्हणतो, थोडे दिवस ठेवू, नंतर बघू. तिला कुठे नेऊ?
— एक बहीण, पारोळा तालुका

उत्तर : पुरुष सुटून आला तर आई दारात उभी असते. बाई सुटून आली तर बहुतेक वेळा कोणीच नसते, म्हणून तुम्ही लिहिलेत याचे मोल फार आहे. भावाला "थोडे दिवस" म्हणजे किती, हे विचारून घ्या आणि तेवढ्या दिवसांत दोन अर्ज करा. पहिला जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात, निवाऱ्यासाठी आणि अनुदानासाठी. दुसरा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, मोफत वकिलासाठी. शिक्षा झाली म्हणून आईचा मुलांना भेटण्याचा हक्क आपोआप संपत नाही. न्यायालय मुलांचे हित पाहून भेटीचे दिवस आणि जागा ठरवून देऊ शकते. सासरी जाऊन दारात भांडण करू नका, कारण त्याची तक्रार झाली तर अर्जावर परिणाम होईल. मुले शाळेत जात असतील, तर मुख्याध्यापकांना भेटून त्यांची चौकशी तुम्ही मावशी म्हणून करू शकता. भेटीचा आदेश येईपर्यंत बहिणीला मुलांची एवढी तरी खबर तुमच्याकडून मिळत राहील.